अकरा पत्रे, दहा पॅड

मंगळवार

ही वही बाबांनी दिली. म्हणाले, रोज दोन ओळी लिही, म्हणजे एक तरी काम धड केलंस असं होईल. छापखाना मी सोडला, कोंबड्यांची शेड सोडली, बोटीवर भांडी घासायला जाणार होतो तेव्हा बंदरापर्यंत जाऊन परत आलो. बाबांच्या भाषेत, एक ना धड भाराभर चिंध्या. आता आत्याकडे धाडलंय. आत्याचं गाड्या चमकवायचं वर्कशॉप आहे. इथे खरोखरच भाराभर चिंध्या आहेत, फडताळ उघडलं की अंगावर पडतात. मला आल्याआल्या घरच्यासारखं वाटलं.

आत्या बाबांची थोरली बहीण. आतोबा गेल्यापासून सगळं एकटी बघते. काम करताना आतोबांचे जुने चौकड्यांचे शर्ट घालते, बाह्या दुमडून. लांबून बघितलं तर बाप्या माणूस उभा आहे असंच वाटतं. जवळ गेलं की म्हणते, "बघतोस काय? बादली भर."

मी पोटमाळ्यावर झोपतो. खाली मागच्या बाजूला एक गाडी कापडाखाली झाकून ठेवलीय. आतोबांची. ती दातवाल्या डॉक्टरांना विकायची ठरलीय, आत्याने शब्द दिलाय. पण गाडी काही तयार होत नाही. बाबा निघताना म्हणाले, "तिच्याच्याने ते काम होणार नाही. तू ती चकाचक कर आणि एकदाची जाऊ दे. माझी बहीण त्या गाडीपायी झुरतेय."

एक गाडी पूर्ण करायची. एवढं जमेल.

गुरुवार

शिकतोय. मशीन हातात धरलं की गुदगुल्या होतात, म्हणून हसायला येतं. आत्याला वाटतं मी कामावर हसतो.

मशीनच्या तोंडाला स्पंजाचं गोल पॅड लावायचं, त्यावर पॉलिश, आणि पत्र्यावर हळूहळू फिरवायचं. मी विचारलं, "एका गाडीला पॅड किती लागतात?"

"जितके पत्रे तितकी."

"एवढी? एकच धुऊन धुऊन वापरलं तर?"

"एकाच रुमालाने घरातल्या सगळ्यांची नाकं पुसशील का?"

मग तिने नीट सांगितलं. पॅड घासलं की रंगाची भुकटी निघते. ती कुठे जात नाही, पॅडात बसते. तेच पॅड दुसऱ्या पत्र्यावर नेलं की पहिल्याचं दुसऱ्याच्या अंगाला. "जे काढलं ते गेलं असं समजू नकोस," ती म्हणाली. "ते पॅडात असतं."

"म्हणजे झपाटल्यासारखंच की."

"झपाटल्याचं मला माहीत नाही. ओरखडे पडतात."

काम संपलं की पॅड लगेच धुवायची. वाळली की दगड. आज धुताना मी जरा ढगांकडे बघत बसलो, तर दोन वाळली. आत्याने ती माझ्या डोक्यावर वाजवून दाखवली. खरंच दगड.

शनिवार

आतोबांच्या गाडीवरचं कापड आज काढलं. गाडी गडद हिरवी, जुन्या घाटाची. असल्या गाड्यांचा रंग उघडा असतो, त्यावर काचेसारखा थर नसतो, त्यामुळे घासलं की पॅडच हिरवं होतं.

बाकी गाडी ठीक आहे. पण ड्रायव्हरच्या दारावर, खिडकीच्या जरा खाली, चंद्रकोरीसारखे बारीक ओरखडे. एकावर एक, शेकड्यांनी. कुणी तिथे बसून नखं घासावीत तसे.

"हे कशाने पडले?"

"पडले," आत्या म्हणाली आणि बादली भरायला गेली. बादली भरलेलीच होती.

शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं. त्याला काहीही विचारा, तो ट्यूब बाजूला ठेवून बोलतो. म्हणाला, "तुझे आतोबा हात बाहेर टाकून गाडी चालवायचे. बोटात जाडी अंगठी. गाणं मनात आणि ताल दारावर. सिग्नलला उभे राहिले की टिक टिक टिक, टिक. पुढचा गाडीवाला बाजूला होऊन वाट द्यायचा, याला घाई आहे समजून. गल्लीत शिरले की वहिनी तो आवाज ऐकून चहा टाकायच्या. दारात येईपर्यंत उकळी."

"आणि गेले कसे?"

"तसेच. दुखायला लागलं असणार. गाडी शिस्तीत बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, हात खिडकीबाहेर. लोकांना वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत. मी स्वतः दोनदा शेजारून गेलो." त्याने ट्यूब पुन्हा हातात घेतली. "एकदा तर हात केला."

मग त्याने टायरमध्ये व्यालेल्या मांजरीची गोष्ट काढली. पिल्लं टायर बदलताना सापडली, गिऱ्हाईक म्हणालं टायर नको, पिल्लू द्या. ही गोष्ट चांगली होती, पण मला पोटमाळ्यावर आल्यावर तो हातच आठवला. बाहेर लोंबणारा. त्याला कुणीतरी लांबून हात करतंय.

सोमवार

आज लिहायला मजा येणार आहे. आज मी एक काम पूर्ण केलं.

सकाळी आत्याने फळीवर नवी पॅड मांडली. पांढरीशुभ्र. मी मोजली, दहा. मग गाडीभोवती फिरून पत्रे मोजले. बॉनेट, छप्पर, डिकी, चार दारं, चारी चाकांवरचे चार. अकरा.

"आत्या, एक कमी आहे."

"बरोबर आहेत."

"पत्रे अकरा आहेत पण."

"मोजता येतं मला. शाळेतून पळून मी जात नव्हते, तू जायचास."

"मग एकाचं काय करू?"

"दहा दिलीत ना? दहा वापर." आणि ती पिशवी घेऊन चहा आणायला निघून गेली. चहाचा डबा काल मीच काठोकाठ भरलाय.

मला आधी वाटलं, काटकसर. मग वाटलं, वय झालं, हिशेब चुकतो. बिचारी कबूल कशाला करेल. अशा वेळी घरच्या माणसाने सांभाळून घ्यायचं असतं. दहा पत्रे झाले, ड्रायव्हरचं दार राहिलं. सगळी गाडी तळ्यासारखी आणि एकच दार आजारी माणसासारखं. डॉक्टर काय म्हणतील? फडताळात अगदी मागे एक जुनं पॅड सापडलं. ते लावलं आणि दार घेतलं.

त्या कोरी सहजासहजी निघेनात. पुन्हा पुन्हा फिरवलं. शेवटी निघाल्या. पॅड शेवाळासारखं हिरवं झालं. दारात माझं तोंड दिसलं, हसताना.

पॅड धुवायचा कंटाळा आला. शिवाय अकरावं कुठून आणलंस म्हणून बोलणी बसली असती. थिनरच्या डब्यामागे दडवून टाकलं.

आत्या परत आली. गाडीभोवती एक फेरी मारली आणि ड्रायव्हरच्या दाराशी थांबली. हातमोजा काढला. खिडकीखाली तळवा ठेवला, ताप बघतात तसा. बराच वेळ तिथेच.

"हे कशाने केलंस?"

तोंडात आलं ते बोलून गेलो. "डिकीचंच पॅड वापरलं."

"चांगलं झालंय," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "खूपच चांगलं झालंय."

जेवली नाही. पॅड धुणं माझं काम, पण आज ती स्वतः बसली. धुवायच्या आधी विचारलं, "यातलं डिकीचं कुठलं?" मी एकाकडे असंच बोट दाखवलं. ते तिने धुतलं नाही. कागदात गुंडाळून आत नेलं. पुन्हा वापरायचं असेल.

बुधवार

दुपारी जेवून पोटमाळ्यावर पडलो होतो. अर्धवट झोप. खालून आवाज आला. टिक. टिक टिक. मग काही नाही. मग टिक.

पाल असेल म्हटलं. पत्रा उन्हाने तापला की वाजतो, तेही म्हटलं. उठलो नाही.

संध्याकाळी गाडीवर फडकं मारायला गेलो तर ड्रायव्हरच्या दारावर, खिडकीखाली, चार-पाच कोरी. त्याच जागी. मी स्वतः काढलेल्या.

पंक्चरवाल्याकडे गेलो. तो हसला. "स्वस्त पॉलिश ओरखडे भरतं, काढत नाही. चार दिवसांनी वर येतात. लाली लावून ओठ लाल झाले म्हणून माणूस लाल होतो का?"

पटलं. पण पॉलिश स्वस्त नाहीये.

आत्याच्या बोटाला आज दोरा गुंडाळलेला दिसला. "कापलं का?" म्हटलं. म्हणाली, "नाही रे, सैल होतं." काय सैल होतं ते विचारणार तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तिने हातमोजे चढवले.

शुक्रवार

सकाळी पुन्हा दार घेतलं. आत्याला नकळत, नव्या पॅडने. पाच मिनिटांत साफ. या वेळी पॅड धुऊन वाळवलं.

दातवाले डॉक्टर गाडी बघायला आले. बुटके, आनंदी, बोलताना समोरच्याच्या तोंडात बघतात. त्यांच्या वडिलांकडे अशीच हिरवी गाडी होती म्हणे. दारावरून हात फिरवून म्हणाले, "हे असं किती वेळा घासता येतं?"

"रंग संपेपर्यंत," आत्या म्हणाली.

"दातांचंही तेच. लोक इतकं घासतात की दातच जातो." आणि ते मोठ्याने हसले. आत्या हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, माझा शर्ट बाहेर आलाय. खोचला.

दुपारी पुन्हा टिक टिक. आज नीट ऐकलं. ताल धरायला जातंय आणि मध्येच चुकतंय, पुन्हा पहिल्यापासून. जो माणूस आयुष्यभर तोच ताल वाजवत होता, तो मेल्यावर विसरतो का? मेल्यावर आणखी काय काय विसरायला होतं?

डोक्यावर पांघरूण घेतलं. उकडून जीव गेला, पण काढलं नाही.

रविवार

सुट्टी.

दुपारी आवाज सुरू झाला. मी ठरवलं होतं बघायचं. पोटमाळ्याच्या फळ्यांमध्ये बोटभर फट आहे, पालथा पडून डोळा लावला. गाडीवरचं कापड एका बाजूने वर सारलेलं. ड्रायव्हरच्या खिडकीतून हात बाहेर. निळ्या चौकड्यांची बाही. हात लोंबतोय आणि बोट दारावर वाजतंय. तोंड दिसत नव्हतं, गाडीचं छप्पर आड येत होतं.

कसा उतरलो माहीत नाही. मागच्या शिडीने, अनवाणी, थेट पंक्चरवाल्याकडे. "आतोबा," एवढंच बोलता आलं. त्याने हातातली पकड तशीच घेतली आणि माझ्याबरोबर आला. भुताला पकड काय करणार होती कोण जाणे.

आत गेलो तर गाडी झाकलेली. आत्या मोरीशी चहाची भांडी घासत होती.

"काय रे, दोघं कुठल्या लढाईला?"

मी सगळं सांगितलं. हात, निळी बाही, सगळं. पंक्चरवाला ऐकत नव्हता. तो आत्याच्या हाताकडे बघत होता, मग शर्टाकडे, मग खाली जमिनीकडे. "वहिनी, येतो," म्हणाला. मला बाहेर घेऊन गेला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्या दाराला आता हात लावू नकोस. जे आहे ते राहू दे."

एवढा मोठा माणूस, पण तोही घाबरलाय.

मला हे राहू द्यायचं नाहीये. आज रात्रीची गाडी पकडून बंदराकडे जावं असंही मनात आलं. पण मग बाबा म्हणतील, आणखी एक चिंधी. ते दार मी उद्या कायमचं साफ करणार. काही उरलंच नाही तर येणार कशाला?

मंगळवार

हात दाखवून अवलक्षण.

काल सकाळी आत्या बँकेत गेली तेव्हा दार घेतलं. कडक पॅड, मशीन जोरात. कोरी आधीच्याहून जास्त होत्या, खोलही. मी घासत राहिलो. रंगाचा वास आला, गरम, आणि खिडकीखाली हिरव्यातून राखाडी उघडं पडलं. आधी नखाएवढं, मी मशीन बंद करेपर्यंत रुपयाएवढं. रंगाखालचा लेप. रंग संपला होता.

फडक्याने पुसून बघितलं, मूर्खासारखं. पुसल्याने राखाडी जात नाही.

आत्या आली. मी समोर जाऊन उभा राहिलो. "आत्या, दार जाळलं मी."

तिने वाकून बघितलं. मग बादली पालथी घालून त्यावर बसली.

"मी दहा पॅड दिली होती," ती म्हणाली.

"ओरखडे परत येत होते आत्या. पुन्हा पुन्हा काढले, पुन्हा पुन्हा आले. ते अजून इथेच आहेत. मी हात बघितलाय."

"वेडा आहेस का तू?" ती रागावली नव्हती. हातमोजा काढून हात पुढे केला. बोटात जाडी अंगठी. सैल होऊ नये म्हणून आतून दोरा गुंडाळलेला. "त्यांचे ओरखडे तू पहिल्याच दिवशी काढलेस. नंतर आले ते माझे."

मी खाली बसलो. जमिनीवर पाणी होतं, तिथेच.

"मला तो ताल येत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं ऐकला, चहा टाकला, आणि वाजवायला गेले तर येत नाही. तीनावर थांबायचे की दोनावर? रोज बसून बघते. वाटलं, गाडी जायच्या आधी एकदा तरी नीट येईल."

"मग मला सांगायचं होतंस. दाराला हात लावू नको म्हणून."

"काय सांगणार होते? गाडी विकते पण तेवढं दार चोळू नका? डॉक्टरांना शब्द दिलाय. तुझ्या बापाला शब्द दिलाय. सगळे म्हणतात, जाऊ दे, जाऊ दे. तोंडाने नाही म्हणता येईना, म्हणून एक पॅड कमी दिलं." तिने माझ्याकडे बघितलं. "वाटलं, तेवढ्यावरून कळेल."

मला कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, तिचा हिशेब चुकतो.

"असू दे," ती म्हणाली. "डिकीचं ते पॅड ठेवलंय मी आत. न धुता. त्याने दार घासलंस ना, त्यात त्यांचं थोडं असेल. रात्री उशाशी घेते. हसू नकोस."

मला हसू कुठून येणार? तिने कागदात गुंडाळून ठेवलेल्या त्या पॅडात डिकीसुद्धा नव्हती. मी असंच बोट दाखवलं होतं. गप्प बसलो असतो तर तिला कधी कळलंही नसतं. तेवढा विचार करून झाला माझा, लपवत नाही.

मग उठलो. थिनरच्या डब्यामागे हात घातला. पॅड तिथेच होतं. वाळून दगड झालेलं, हिरवंगार. तिच्या मांडीवर ठेवलं.

"ते दुसरं त्यातलं नाहीये आत्या. मी खोटं बोललो. दार याने घासलं. अकरावं हे."

तिने ते हातात घेतलं, फिरवलं, नाकाशी नेलं. "धुतलं नाहीस?"

"कंटाळा आला होता."

"आळशी कुठला," ती म्हणाली. "आळशी मेला." आणि ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

माझं इतकं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

शुक्रवार

रंगाऱ्याने दार रंगवलं. हिरवा बेमालूम जुळला. दार नवं कोरं, कुणाचंच नाही. आत्याने डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं, की पोराच्या हातून रंग गेला, दार पुन्हा रंगवलंय. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे कवळी बसवलीत." या वेळी आत्या हसली.

गाडी गेली. वळणावर डॉक्टरांनी हात बाहेर काढला, आम्हाला टाटा करायला. पंक्चरवाल्याने हात वर केला आणि डॉक्टर दिसेनासे झाले तरी खाली घेतला नाही.

जिथे गाडी उभी असायची तिथे चार चाकांच्या खुणा आहेत, मधली फरशी कोरडी. मी तिथून चालत नाही, वळसा घालून जातो. आत्याही वळसा घालते.

सोमवार

नवी गाडी आली, पांढरी. आत्याने पॅड मांडली आणि म्हणाली, "मोजून घे." अकरा होती.

बोटीचा विचार अधूनमधून येतो, पण गाड्याही बऱ्या आहेत. छापखान्यात एक जण म्हणायचा की माणसाने पाण्याच्या जवळ राहावं. बादलीचंही पाणीच.

हिरवं पॅड मागच्या फळीवर आहे, डबे हलवून त्याला जागा केलीय. तिथे दुसरं काही ठेवायचं नाही. अंगठी आत्याने त्याच्याशेजारी काढून ठेवलीय. म्हणाली, आता दोरा गुंडाळून कंटाळा आला.

दुपारी जेवून पडलो होतो. खाली मागच्या फळीकडून आवाज आला. पत्र्यावरचा नव्हे, दबका, वाळलेल्या कशावर तरी वाजवावं तसा. टिक टिक टिक, टिक. थोडं थांबून पुन्हा. टिक टिक टिक, टिक. कुठे चुकला नाही. मला इतकं बरं वाटलं. हाक मारणार होतो, आत्या, जमलं बघ.

तेवढ्यात बाहेरून, पंक्चरवाल्याच्या दुकानातून, तिचं हसणं ऐकू आलं. तो टायरमधल्या मांजरीची गोष्ट सांगत होता.

आवाज चालूच होता. मी पडून ऐकलं, संपेपर्यंत. मग खाली उतरलो आणि चहा टाकला.